खोट्याचा धनी

१६ एप्रिल २०२५ रोजी नाशिकमध्ये शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाचं निर्धार शिबिर भरलं होतं. त्या शिबिरात बाळासाहेब ठाकऱ्यांच्या आवाजात सुमारे तेरा मिनिटांचं भाषण ऐकवण्यात आलं. बाळासाहेब १७ नोव्हेंबर २०१२ रोजी गेले. हे भाषण कृत्रिम बुद्धिमत्तेनं घडवलेलं होतं आणि त्यात भाजपवर आणि शिंदे गटावर टीका होती. म्हणजे जून २०२२मध्ये पक्षात जी फूट पडली, तिच्याबद्दल तिच्या साडेनऊ वर्षं आधी निधन पावलेला माणूस मत देत होता.

त्यावर टीका झाली तसं समर्थनही झालं. समर्थनातला सगळ्यात वजनदार मुद्दा असा की इथे फसवलं कुणालाच नाही. समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की आवाज यंत्रातून येतोय. कुणी फसलंच नसेल तर फसवणूक कसली? हा मुद्दा टाळून मला पुढे जायचं नाही, कारण कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आभासी वास्तव यांबद्दलची आपली बरीचशी नैतिक चर्चा याच समजुतीवर उभी आहे: आधी सांगून टाकलं की आपण मोकळे.

ही समजूत कितपत खरी? २००६ साली संशोधक मेल स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एक प्रयोग केला. स्टॅन्ली मिलग्रॅमच्या १९६०च्या दशकातल्या गाजलेल्या प्रयोगाची ती आभासी आवृत्ती होती. सहभागी माणसांसमोर संगणकानं रेखाटलेली एक बाई होती. तिचं उत्तर चुकलं की तिला विजेचा झटका द्यायचा, आणि प्रत्येक चुकीला तो वाढवायचा. ही बाई अस्तित्वात नाही आणि झटकाही खोटा आहे, हे प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. तरीही ज्यांना ती दिसत होती, तिचं कळवळणं ज्यांना ऐकू येत होतं, त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांनी आणि त्वचेनं खऱ्या माणसासमोर द्यावा तसाच प्रतिसाद दिला. काहींनी प्रयोग अर्ध्यावर सोडला. माहीत असणं आणि परिणाम न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रयोगानं दाखवलं. डोक्याला कळतं, पण अंग ऐकत नाही. चाळीस-पन्नास वर्षं ज्या आवाजावर एक पिढी उठली-बसली, तो आवाज सभागृहात घुमला की ऐकणाऱ्याच्या आत काय होत असेल, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. आणि ते व्हावं म्हणूनच तो आवाज निवडलेला असतो.

म्हणून 'कुणाला खोटं वाटलं का?' या प्रश्नापाशी थांबून चालणार नाही. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न असा: या बनावटीचा धनी कोण? आपण 'पापाचा धनी' म्हणतो त्या अर्थानं. हे मी केलं, याचं बरंवाईट माझ्याकडे, असं म्हणून तिच्याशेजारी कोण उभं आहे?

सोंग आपल्याला नवं नाही. आपल्याकडे बहुरूपी आहेत. पोलिसाचा गणवेश चढवून बहुरूपी दारात येतो, दरडावतो, वॉरंट निघाल्याचं सांगतो, घरातली पोरं भेदरून आत पळतात. घडीभरानं तो हसतो आणि बिदागीसाठी हात पुढे करतो. हा उघड होण्याचा क्षण त्याच्या कलेचाच भाग आहे. तो जर आला नाही तर ती कला राहत नाही, गुन्हा होतो. शिवाय सोंग त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलेलं असतं. गळा त्याचा, चेहरा त्याचा, आणि कुणी चिडून दोन शिव्या हासडल्या तर त्या खाणाराही तोच. दशावतारातला नट किंवा ऐतिहासिक नाटकात महाराज झालेला नट यांचंही तसंच. ते दुसऱ्याचं रूप घेतात, पण आपलं अंग पणाला लावून.

या कसोटीवर नाशिकचं भाषण अर्धं उतरतं. ते कुणी केलं हे लपवलेलं नव्हतं, पक्षाचं नाव त्यावर होतं, हे मान्य करायला हवं. पण ज्याचा आवाज घेतला, त्याला 'मी असं बोललो नसतो' म्हणायची सोय राहिलेली नाही. वारसांची परवानगी होतीच, असं कुणी म्हणेल. जानेवारी २०२४मध्ये ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' चित्रपटातल्या एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्रानं पुन्हा उभे केले, तेव्हा दोन्ही कुटुंबांची संमती घेतली होती आणि मोबदलाही दिला होता. मला ते पटतं. गळा ही त्या गायकांची कमाई होती, आणि कमाई वारसांकडे जाते. मत मात्र वारशानं जात नाही. बापाचं घर मुलाला मिळतं. बाप आज असता तर कुणाला मत द्या म्हणाला असता, हे ठरवायचा हक्क मुलाला, पुतण्याला, शिष्याला किंवा पक्षाला, कुणालाच मिळत नाही. 'साहेब आज असते तर असं म्हणाले असते' हे वाक्य कुणीही व्यासपीठावरून खुशाल म्हणावं. ते म्हणणाऱ्याचं वाक्य असतं, ते खोडता येतं. तेच साहेबांच्या आवाजात वाजवलं की खोडायला समोर माणूसच उरत नाही. उद्या हेच दुसऱ्या कुठल्या पक्षानं दुसऱ्या कुठल्या दिवंगत नेत्याबाबत केलं, तरी माझं म्हणणं हेच राहील. तमिळनाडूत करुणानिधी आणि जयललिता यांच्याबाबतीत ते २०२४मध्येच होऊन गेलं आहे.

आता धनीच नसलेलं उदाहरण पाहू. १९ नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतदानाची पूर्वसंध्या. सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातल्या म्हणून काही ध्वनिफिती समाजमाध्यमांवर आल्या. बिटकॉइनचे पैसे निवडणुकीत वापरल्याचा आरोप त्यांतून होत होता. भाजपच्या अधिकृत खात्यानंही त्या फिरवल्या. सुळे यांनी तो आवाज आपला नसल्याचं सांगून निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. 'बूम' या तथ्यपडताळणी संस्थेनं फिती तपासल्या तेव्हा त्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुणा आढळल्या. पण तोवर मतदान तोंडावर आलं होतं. खोट्याला एक रात्र पुरते, खुलाशाला आठवडे लागतात. प्रचार थांबल्यानंतरचे अठ्ठेचाळीस तास कायद्यानं शांततेसाठी राखून ठेवले आहेत, आणि नेमकी तीच शांतता अशा फितीला सोयीची ठरते, कारण उत्तर द्यायला सभा उरलेली नसते. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की त्या फिती मूळ कुणी घडवल्या, हे मतदाराला मतदानाच्या दिवशी कळायला काहीच मार्ग नव्हता. पुढे पाठवणारा प्रत्येक जण म्हणू शकत होता, माझ्याकडे आलं ते मी पाठवलं.

याचा एक उलटा परिणाम हळूहळू दिसू लागेल. खोटा आवाज सहज बनतो हे सगळ्यांना कळलं की खरा आवाज पकडला गेलेला माणूसही बिनधास्त म्हणेल, हे यंत्रानं बनवलेलं आहे. लाच मागतानाची खरी ध्वनिफीत हे सामान्य माणसाच्या हातातलं आजवरचं एक मोठं शस्त्र होतं. तेही यात बोथट होणार.

पैशांच्या बाबतीत तर हे घराघरांत पोचलं आहे. 'डिजिटल अटक' म्हणजे त्याच पोलिसाच्या सोंगाची आजची आवृत्ती, फक्त यात शेवटचं हसणं नाही. २०२४मध्ये वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्यासमोर व्हिडिओ कॉलवर चक्क सर्वोच्च न्यायालय भरवण्यात आलं. सरन्यायाधीश चंद्रचूड म्हणून कुणीतरी बोललं, आदेश निघाला, आणि सात कोटी रुपये गेले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरूप या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्यानं वरिष्ठांबरोबरच्या व्हिडिओ बैठकीनंतर सुमारे अडीच कोटी डॉलर पाठवले. ते वरिष्ठ यंत्रानं घडवलेले होते. मुंबईत एका ८६ वर्षांच्या महिलेचे वीस कोटींहून अधिक रुपये डिजिटल अटकेच्या धाकानं काढून घेतले गेले. पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं की अशी अटक कायद्यात नाहीच.

अशी बातमी आली की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया काय असते? 'एवढा शिकलेला माणूस, त्याला कळलं कसं नाही?' ही प्रतिक्रिया मला क्रूर वाटते. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठणाऱ्या हजारो घरांत दिवसभर म्हातारे आईवडील एकटे असतात. मुलाच्या आवाजात फोन येतो, 'बाबा, अपघात झालाय, पैसे पाठवा.' बाबा पाठवतात. यात बाबांचा दोष कुठला? पोराच्या हाकेला ओ देणं हा दोष असेल, तर मग घर म्हणजे काय राहिलं? जानेवारी २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी आवाजाच्या नकलेची एक प्रणाली जाहीर केली होती. तिला नमुन्यादाखल तीन सेकंदांचा आवाज पुरत होता. कंपनीनं ती सर्वांसाठी खुली केली नाही, पण तशी साधनं आज जागोजागी मिळतात. अशा साधनांसमोर 'सावध राहा, तपासून घ्या' एवढंच सांगणं म्हणजे सगळं ओझं फसणाऱ्याच्या डोक्यावर ठेवणं.

पाण्याच्या बाबतीत आपण असं करत नाही. आमच्या जांभूळ गावात औद्योगिक विकास महामंडळाचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. बारवी धरणातून सुटलेलं पाणी उल्हास नदीतून उचललं जातं, इथे गाळून शुद्ध होतं आणि मग उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवली, ठाण्यापर्यंत जातं. डोंबिवलीतल्या गृहिणीला कुणी सांगत नाही की बाई, तुझं पाणी तूच तपास, आजारी पडलीस तर तुझा निष्काळजीपणा. पाणी जिथून निघतं तिथेच ते स्वच्छ करायची जबाबदारी आहे, आणि गढूळ आलं तर जाब कुणाला विचारायचा हे ठरलेलं आहे. उकळून पिणं ही वरची खबरदारी झाली. बातमी, आवाज आणि चेहरा यांच्या बाबतीत मात्र आपण फक्त उकळून प्यायला सांगतोय, उगमापाशी कुणी उभंच नाही.

याच गावात बसून मला एक धास्ती वाटते. बारवी भरली की स्वयंचलित दरवाज्यांतून पाणी सुटतं आणि नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. २००५चा पूर इथल्या लोकांच्या आठवणीतून गेलेला नाही. जुलै २०१९मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना नौकांतून बाहेर काढावं लागलं होतं. अशा एखाद्या रात्री तहसीलदारांच्या आवाजात 'धरण फुटलंय, पळा' असा संदेश कुणी फिरवला, तर काठावरचे पाडे अंधारात बाहेर पडतील. आणि असे दोन संदेश खोटे निघाले, तर तिसऱ्या खेपेला खरा इशारा आल्यावर कुणी जागचं हलणार नाही. खोटा आवाज त्या एका रात्री जेवढं नुकसान करतो, त्याहून जास्त तो खऱ्या आवाजाची पत घालवून करतो.

यावर सरकारचं मुख्य उत्तर आहे ते लेबल. ऑक्टोबर २०२५च्या मसुद्यात केंद्र सरकारनं म्हटलं होतं की कृत्रिम चित्राच्या निदान दहा टक्के भागावर आणि ध्वनीच्या पहिल्या दहा टक्के वेळात तशी सूचना हवी. फेब्रुवारी २०२६मध्ये नियम आले तेव्हा ठळक सूचनेची सक्ती राहिली, दहा टक्क्यांचं माप गेलं. लेबल नको असं मी म्हणत नाही. पण त्याच्यावर किती भिस्त ठेवायची, याचा विचार महाभारतात होऊन गेला आहे. द्रोणांनी अश्वत्थाम्याबद्दल युधिष्ठिरालाच विचारलं, कारण तो खोटं बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. युधिष्ठिर शब्दशः खोटं बोललाही नाही. हत्तीचा उल्लेख त्यानं केला, फक्त पुटपुटत. व्यासांनी ही पळवाट मान्य केली नाही. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. सूचना होती, पण ती ऐकू जाऊ नये अशा बेतानं दिलेली होती. चित्राच्या कोपऱ्यातली फिकट अक्षरं आणि जाहिरातीच्या शेवटी भरधाव वाचलेलं निवेदन हे त्याच जातीचं.

आणि लेबलावर लिहिलेलं तरी काय असतं? 'एआयनिर्मित.' म्हणजे कर्ता यंत्र. यंत्राला ना लाज, ना तुरुंग. मला हवं असलेलं लेबल असं असेल: हे अमुक व्यक्तीनं किंवा संस्थेनं बनवलं, ज्याचा चेहरा वा आवाज वापरला त्याची परवानगी आहे किंवा नाही, आणि तक्रार इथे करा. साधन कुठलं वापरलं ही माहिती त्यानंतरची. छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव घालण्याची सक्ती निवडणूक कायद्यात पूर्वीपासून आहे. कागदाला जी शिस्त लागू आहे ती आवाजाला का नको?

आभासी वास्तवाच्या बाबतीतही कायदा अगदीच कोरा नाही. आमच्या भागात आभासी वास्तवाचं सर्वांत ओळखीचं रूप म्हणजे घरविक्री. २०११च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती, त्यानंतर इमारतींचं जंगल कुठवर पसरलं ते डोळ्यांनी दिसतं. डोळ्यांवर हेडसेट चढवला की न बांधलेल्या बाल्कनीतून हिरवा डोंगर आणि वाहती नदी दिसते, समोर उभी राहणारी दुसरी इमारत दिसत नाही. रेरा कायद्याचं बारावं कलम सांगतं की जाहिरात किंवा नमुना घर पाहून ग्राहकानं पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघून त्याचं नुकसान झालं, तर विकासकानं भरपाई द्यायची. नमुना घर विटांचं असो की प्रकाशाच्या ठिपक्यांचं, तत्त्व एकच: दाखवलं ते वचन. आयुष्यभराची कमाई आणि वीस वर्षांचे हप्ते ज्या दृश्यावर विश्वासून लागतात, त्याला 'कलाकाराची कल्पना' म्हणून झटकता येऊ नये. हे दृश्य तर अंगावर येतं. मायकल मॅडरी आणि थॉमस मेत्सिंगर या माइन्झ विद्यापीठातल्या तत्त्वज्ञांनी २०१६मध्ये आभासी वास्तवासाठी आचारसंहिता सुचवली, तेव्हा त्यांचा मुख्य इशारा हाच होता की हे माध्यम माणसाच्या वागण्यावर खोलवर परिणाम करू शकतं आणि तो परिणाम बाहेर आल्यावरही टिकू शकतो.

इथवर सोपं होतं, कारण फसवणाऱ्याचा हेतू वाईट किंवा निदान स्वार्थी होता. हेतू मायेचा असेल तर? २०२०मध्ये दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीनं एक माहितीपट दाखवला. सात वर्षांची मुलगी आजारानं गेलेल्या एका आईला आभासी वास्तवात त्या मुलीची भेट घडवून आणली होती. हातमोजे घातलेले आईचे हात पोकळीत लेकीचा गाल शोधतात. ते पाहून मी हेलावलो आणि त्या आईला नावं ठेवायची हिंमत माझ्यात नाही. तिला सगळं ठाऊक होतं, तिची त्याला संमती होती. माझा आक्षेप आहे तो ती भेट देशभर प्रसारित करण्याला. मुलीला त्याबद्दल कुणी विचारू शकत नव्हतं, आणि आईचं दुःख तिथे कार्यक्रम झालं.

याहूनही अवघड प्रश्न स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा. आजी दर संध्याकाळी विचारते, 'माझा बाळ्या आला का?' बाळ्या जाऊन आठ वर्षं झाली. खरं सांगितलं तर ती दर संध्याकाळी नव्यानं रडणार. सून म्हणते, 'येईल हं, गाडीला उशीर झालाय.' हे खोटं आहे आणि मी त्याला चूक म्हणणार नाही. सून ते स्वतःच्या तोंडानं बोलते, आजीचा चेहरा बघून बोलते, आणि रात्री ते तिच्या मनावर राहतं. आता जुन्या ध्वनिमुद्रणांवरून बाळ्याचा आवाज घडवून तो भ्रमणध्वनीत घातला तर? आजी शांत होईल, कदाचित जास्तच. पण मग त्या खोट्याचा भार वाहणारं कुणी उरत नाही. आजी आज कशी आहे, आज हे बोलावं की फक्त हात धरून बसावं, हे बघणारं माणूस त्या खोलीतून निघून जातं. एखाद्या कुटुंबानं फार विचार करून, कुणीतरी शेजारी बसून, क्वचित हे केलं तर मी समजू शकतो. सोय म्हणून, सेवा म्हणून, दरमहा वर्गणीवर हे विकलं जाऊ लागलं तर त्याला विरोध करायला हवा, कारण तिथे ग्राहक नातेवाईक असतात आणि फसवलं जाणारं माणूस नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतं.

ज्यांना न्यायालयात जाता येतं त्यांना आता थोडं संरक्षण मिळू लागलं आहे. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या नकलेला मनाई केली. सप्टेंबर २०२५मध्ये आशा भोसले यांच्या अर्जावर त्याच न्यायालयानं अंतरिम आदेश देताना म्हटलं की कुणाचाही आवाज प्रसिद्ध गायिकेच्या आवाजात परवानगीविना बदलून देणारं साधन उपलब्ध करणं हेही तिच्या हक्कांचं उल्लंघन आहे. हा आदेश मला मोलाचा वाटतो, कारण त्यानं बोट गाणं ऐकणाऱ्याकडे न दाखवता साधन चालवणाऱ्या कंपनीकडे दाखवलं. पण तेव्हा ब्याण्णव वर्षांच्या असलेल्या त्या गायिकेच्या आवाजाला बाजारात किंमत आहे, म्हणून तिचा हक्क न्यायालयाला मोजता आला. जांभूळमधल्या अंगणवाडी सेविकेचा आवाज पालकांच्या गटावर रोज जातो. बचत गटाची अध्यक्षा हप्त्याची आठवण आवाजी संदेशानं करते. त्यांच्या आवाजाला बाजारभाव नाही, पण गावात त्याच आवाजावर पैसे निघतात आणि मुलं लसीकरणाला पाठवली जातात. डेन्मार्कच्या सरकारनं २०२५मध्ये प्रत्येक नागरिकाला, तो प्रसिद्ध असो वा नसो, स्वतःच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर हक्क देणारा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे तसा कायदा करायचा झाला तर तो अंगणवाडी सेविकेपासून सुरू व्हावा. तिच्या आवाजाची नक्कल झाली तर तिनं वकील लावून आपली प्रसिद्धी सिद्ध करायची गरज नसावी. तिनं तक्रार केली की नक्कल करून देणाऱ्या कंपनीनं ठरलेल्या मुदतीत सांगायला हवं, हा आवाज कुणी मागितला, कुणाच्या परवानगीनं बनवला, आणि पैसे कुणी भरले.